बाईंना देवी करायची एवढी घाई कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या बडोद्यात एका बाईंची शोकसभा झाली. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही आणि बाईंना तर अजिबातच आवडलं नसतं. तीसेक वर्षं त्यांनी विशेष शिक्षण हा विषय शिकवला, म्हणजे जे पुढे जाऊन कर्णबधिर, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीच्या, मतिमंद (तेव्हा हाच शब्द होता, आता बौद्धिक अक्षम म्हणायचं) मुलांना शिकवणार त्या शिक्षकांना तयार केलं. गुजराती विद्यार्थी बेन म्हणायचे, मराठी बाई म्हणायचे, आम्ही बाईच म्हणायचो. दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, लोक जिन्यावर उभे होते, हे बघून बरं वाटलं. दीड तासात अकरा जण बोलले, मी मोजले, आणि देवमाणूस, साक्षात देवी, त्यागमूर्ती, सेवेचा यज्ञ याच्या पुढे एकही जण गेला नाही. बाई नक्की काय शिकवायच्या, कसं शिकवायच्या, याबद्दल अकरा जणांत मिळून एक वाक्य नाही. एखादा सर्जन गेला तर निदान तो कसली ऑपरेशनं करायचा हे तरी सांगतात ना?

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर वाद. एका बाजूचं म्हणणं, बाईंच्या नावाने 'सेवाव्रती शिक्षक' पुरस्कार सुरू करू, शाल, श्रीफळ, दर वर्षी एक. दुसऱ्या बाजूला दोन-तीन तरुण पोरं, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, त्यांचं म्हणणं पुरस्कार कसला देताय, स्पेशल शाळा हीच मुळात चूक, मुलांना वेगळं काढून ठेवायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, आता समावेशक शिक्षणाचा काळ आहे, बाईंचं काम त्या वेळी ठीक होतं. मग पहिली बाजू चिडली, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, मग संस्कार आले, मग आजकालची पिढी आली, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. मला दोन्हीकडचं वाचून सारखाच वैताग आला, कारण दोघंही बाईंच्या मनाबद्दल भांडत होते. एक म्हणतोय मन देवाचं, दुसरा म्हणतोय मन चांगलं पण जुनं. बाईंचं डोकं कुणाच्याच खिजगणतीत नव्हतं. तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग शिव्या द्या. विशेष शिक्षणात काम करणाऱ्या माणसाला देव म्हणून आपण त्याचा मान करतच नाही, स्वतःची सुटका करून घेतो. देवाला पगार लागत नाही, त्याच्यासाठी पोस्ट मंजूर करावी लागत नाही, आणि देव एखादाच असतो, त्यामुळे त्याच्यासारखे अजून दोनशे कसे तयार करायचे हा प्रश्नच उरत नाही.

माझा धाकटा भाऊ डाउन सिंड्रोमचा आहे, म्हणून मला हे बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो. १९८९ ची गोष्ट, तो नऊ वर्षांचा होता आणि शर्टाची बटणं लावता येत नव्हती. आई रोज वरून सुरू करायची, बटण धर, काजात घाल, ढकल, ओढ, आणि तिसऱ्या पायरीवर तो रडायला लागायचा, शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असायची, मग आई स्वतःच लावून टाकायची. बाई घरी आल्या, आईला समजूत वगैरे काही घातली नाही, चहासुद्धा निम्माच प्यायल्या, आणि चौकड्यांची वही मागितली. बटण लावणं या एका कामाचे त्यांनी चौदा तुकडे पाडले. चौदा! मी मोठा भाऊ, बारावीत, मला वाटलं बाईंना वेड लागलंय. मग म्हणाल्या, आता उलटं शिकवायचं, शेवटापासून. पहिले तेरा तुकडे आईने करायचे, बटण काजातून पाऊण बाहेर आणून ठेवायचं, आणि फक्त शेवटचं ओढणं त्याने करायचं. म्हणजे रोज काम पुरं कोण करणार? तो. रडायला जागाच राहिली नाही. ते जमलं की मागचा एक तुकडा त्याच्याकडे, मग त्याच्या मागचा. वहीत उभे दिवस, आडवे तुकडे, आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर, हात धरून करून घेतलं तर 'ह', तोंडी सांगावं लागलं तर 'त', स्वतः केलं तर 'स्व'. शर्ट पण बाईंनीच निवडला, बाबांचा जुना, मोठ्या बटणांचा, आणि तो अंगात घालायच्या आधी टेबलावर पसरून ठेवायचा, कारण छातीवरचं बटण दिसत नाही, टेबलावरचं दिसतं. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. साडेचार महिन्यांनी वहीच्या एका पानावर वरपासून खालपर्यंत 'स्व', 'स्व', 'स्व'. ती वही अजून घरी आहे, कपाटात, रेशन कार्डाच्या फाइलखाली.

या प्रकाराला या विषयात नाव आहे, कृतीचं विश्लेषण आणि उलटी साखळी, पुस्तकात आहे, शिकता येतं, परीक्षेत प्रश्न येतो. बाईंनी ते शोधून काढलं नव्हतं, त्यांना ते पक्कं येत होतं आणि शेकडो जणांना त्यांनी शिकवलं. आता सांगा, यात देवपण कुठे आहे? आई अजून म्हणते, ती बाई देवी होती रे. मी आईशी वाद घालत नाही, तिने जे सोसलं त्यातून तो शब्द आलाय आणि तिला तो शोभतो. पण माइक हातात घेऊन नगरसेवक तोच शब्द वापरतो तेव्हा मला राग येतो, कारण त्याला वही बघायचीच नाहीये.

समोरच्या बाजूला दम नाही असं मी म्हणत नाही, आणि ते गुळगुळीत करूनही मांडत नाही. पहिली गोष्ट, आपल्या देशात हे काम उभं केलं ते सरकारने नाही, झपाटलेल्या माणसांनी. अमृतसरला १८८७ मध्ये अंधांची पहिली शाळा निघाली ती मिशनरी बाईंनी काढली. पुण्यात मतिमंद मुलांसाठीची कामायनी शाळा १९६४ मध्ये सुरू झाली, तेव्हा असल्या मुलांना शाळेत घ्यायला सरकारला सांगणारा कायदा तरी होता का? अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा. तोवर जे झालं ते सेवाभावाच्या जोरावरच झालं, हे नाकारणारा माणूस कृतघ्न म्हणावा लागेल. दुसरी गोष्ट, देणगी भाषेवर येते. 'सेवायज्ञ' लिहिलं तर दुकानदार पाच हजारांचा चेक फाडतो, 'कृतीचं विश्लेषण' लिहिलं तर म्हणतो पुढच्या महिन्यात या. तिसरी सगळ्यात जड, आणि ती मला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सुनावली. म्हणाले, अरे डिग्रीवाले मी खूप बघितलेत, सगळी थिअरी पाठ, आणि मुलाच्या तोंडातून लाळ गळायला लागली की खुर्ची मागे सरकवतात. त्यांच्यापेक्षा ती न शिकलेली आया बरी, पदराने पुसते तरी. मग मनाला महत्त्व नाही कसं म्हणतोस?

याला उत्तर देताना मी दोन दिवस अडलो, खरं सांगतो. माया लागते हे मान्यच. पण माया पुरते का? आमच्या आईएवढी माया कुणाला होती, तरी तिसऱ्या पायरीवर ती रोज हरत होती, आणि हरून हरून एकदा तिने त्याला चापट मारली होती आणि नंतर स्वतः मोरीत जाऊन रडली होती. वही आल्यावर तीच आई शांत झाली. का? कारण आज नाही जमलं तरी काल एक 'ह' चा 'त' झालाय हे तिला दिसत होतं. पेशन्स पेशन्स म्हणून जे आपण बाईंच्या स्वभावाला चिकटवतो, त्यातला निम्मा त्या चौकड्यांमधून येतो असं मला तेव्हापासून वाटतं. काहीच पुढे सरकत नाही असं वाटलं की संतसुद्धा खेकसेल. आणि त्या लाळेला घाबरणाऱ्या डिग्रीवाल्याचं म्हणाल तर त्याला सहा महिने वर्गात बसवलंच गेलं नसेल, नुसत्या नोट्स दिल्या असतील. म्हणजे शिक्षण कमी पडलं. त्याचा दोष शिक्षणालाच लावणं, हे कसलं लॉजिक?

पण माझं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते शोकसभेत कुणी बोललं नाही कारण त्याने हार घातलेल्या फोटोला तडा जातो.

१८८० साली मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. दीडशेहून जास्त प्रतिनिधी, त्यात स्वतः बहिरा माणूस एक. तिथे प्रचंड बहुमताने ठरलं की वर्गात खुणांची भाषा नको, मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवायचं. पुढची शंभर वर्षं जगात बहुतेक ठिकाणी तेच चाललं, मुलांनी खुणा केल्या की हातावर पट्टी, कुठे हातांवर बसवून ठेवायचे. ही माणसं दुष्ट होती का? मुळीच नाही, आयुष्यं वाहिलेली माणसं होती, त्यागमूर्तीच म्हणा ना. आणि त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांची भाषा काढून घेतली. त्याच परिषदेच्या वारसदारांनी २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, एकशे तीस वर्षांनी! तेव्हा नुसती निष्ठा हे माप धरलं तर मिलानवाले पण पास होतात, हे कुणीतरी आमच्या पुरस्कार कमिटीला सांगा.

आता बाई. बाई पण त्याच परंपरेत शिकल्या होत्या. १९८८-८९ च्या सुमाराला आमच्याच गल्लीतल्या एका कुटुंबाला, त्यांचा तीन-चार वर्षांचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर, बाईंनी सांगितलं होतं की घरात खाणाखुणा बंद करा, नाहीतर तो बोलायला शिकणारच नाही. त्या माउलीने अक्षरशः पाळलं. पोरगा हाताने पाणी मागायचा आणि ती तोंड फिरवायची, 'पाणी' म्हण, 'पाणी' म्हण. तो कधीच नीट बोलला नाही, आणि खुणाही अर्ध्याकच्च्या राहिल्या, दोन्हीकडून गेला. पुढे बाईंनी नवं वाचलं, परदेशातलं संशोधन वाचलं, शहरातली कर्णबधिर तरुण मंडळी रविवारी जिथे जमायची तिथे जाऊन बसायला लागल्या, पन्नाशीत, आणि त्यांच्याकडून खुणांची भाषा शिकल्या. तेव्हा आत्तासारखी ॲपं नव्हती, भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था दिल्लीत निघाली २०१५ मध्ये आणि तिचा कोश दहा हजार शब्दांपर्यंत गेला तो २०२१ मध्ये. २००४ च्या आसपास एका संध्याकाळी बाई त्या घरी आल्या. मी तिथेच होतो, कॅरम खेळत. झोपाळ्यावर बसल्या, आधी मुलाच्या आईला म्हणाल्या, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मग त्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे वळून हातांनी काहीतरी सांगायला लागल्या, बहुतेक माफीच, बोटं अडखळत होती. तो आधी नुसता बघत बसला, मग हसला, पुढे झाला आणि बाईंचा अंगठा धरून नीट वळवून दिला. असं नाही, असं.

त्या वर्षी बाई अशा किती घरी गेल्या मला माहीत नाही, चार-पाच तरी मला नंतर कळली. वर्गातही त्यांनी जुन्या नोट्सची झेरॉक्स वाटून त्यावर लाल पेनने लिहिलं होतं म्हणे, 'हे मी चुकीचं शिकवत होते, का ते शोधून आणा'. आता मला सांगा, ही गोष्ट 'साक्षात देवी' मध्ये कुठे बसवणार? देवी चुकत नाही, आणि चुकलीच तर पुजारी ते झाकतात. चूक पकडणं, जुनं मत पुराव्यावर सोडून देणं आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन सांगणं, हे अभ्यासकाचं काम आहे आणि त्याला देवपणापेक्षा जास्त छाती लागते असं माझं मत. बाईंचं सगळ्यात मोठं काम तेच होतं आणि त्यांना देवी करायच्या नादात आपण नेमकं तेच पुसून टाकलं.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की शाळेच्या पुस्तकात रात्री दिवा घेऊन फिरणारी बाई येते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथींनी जास्त मरतायत हे आकड्यांनी, गोल आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवणारी बाई, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली स्त्री सभासद, ती किती जणांना माहितीये? दिवा लक्षात राहिला, आकडे गेले. आणि आपल्याकडच्या नर्सेसना अजून 'सिस्टर, तुम्ही तर देवदूत' म्हणून डबल ड्यूटी लावतात.

बडोद्याच्या माणसाने तर हे कळायला बाहेर बघायची पण गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. महाराजांनी काय केलं, दयाळू मास्तर शोधून त्यांचे सत्कार केले? कायदा केला, शाळा बांधल्या, मास्तरांना पगार दिला, आणि पोरगं शाळेत पाठवलं नाही तर आई-बापाला दंड लावला. गोखल्यांनी तेच ब्रिटिश हिंदुस्थानात व्हावं म्हणून १९११ मध्ये बिल आणलं, बडोद्याचं उदाहरण ते देत होते, आणि सरकारी मंडळींनी दुसऱ्या वर्षी ते पाडलं. पैसे नाहीत, लोक तयार नाहीत, घाई होतेय, सगळी तीच कारणं जी आज विशेष शिक्षकांच्या भरतीला ऐकू येतात. आणि याच शहरातली दुसरी बाजू पण बघा. बाबासाहेबांना परदेशी शिकायला महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१३ मध्ये. १९१७ मध्ये ते संस्थानात नोकरीला आले तर या गावात राहायला खोली मिळेना, ऑफिसात शिपाई फाइल लांबून टाकायचे, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं, कमाटी बागेत येऊन बसायची पाळी आली. प्रत्यक्ष राजा पाठीशी होता हो! एका थोर माणसाची कृपा किती लांब पोचते याचा याहून वाईट पुरावा कुठला हवा? पुढे बाबासाहेब कृपा मागत बसले नाहीत, कायदा आणि हक्क यांच्या मागे लागले, ते उगाच नाही. कमाटी बागेत रोज सकाळी चालायला जाणारे आमचे मराठी काका लोक, शोकसभेत पहिल्या रांगेत बसलेले, त्यांना हे सगळं पाठ आहे. पण अपंग मुलांची गोष्ट निघाली की लगेच राजाची कृपा आठवते.

आणि कायदा आता आहे, तो पण चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, २०१६ च्या कायद्यात एकवीस, ऑटिझम आणि शिकण्यातल्या अडचणी पण आल्या, सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आला, जवळच्या शाळेत किंवा हवं तर स्पेशल शाळेत. त्याच्याही आधी, १९९२ च्या कायद्याने पुनर्वास परिषदेकडे नोंदणी सक्तीची झाली. विशेष शिक्षकाला रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो ठरावीक वर्षांनी कोर्सेस करून, पॉइंट्स जमवून रिन्यू करावा लागतो, आणि नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते असं कायद्यात लिहिलंय. विचार करा, संतपणाला कुणी लायसन्स मागतं का? डॉक्टरला मागतात, वकिलाला मागतात. म्हणजे कायद्याने तीस वर्षांपूर्वी मान्य केलं की हा पेशा आहे, आणि आपण शोकसभेत अजून यज्ञ यज्ञ करतोय. बाई निवृत्त झाल्यावर पण नोंदणी रिन्यू करत होत्या, पॉइंट्ससाठी त्यांच्याच विद्यार्थिनीच्या वर्कशॉपला शेवटच्या बाकावर बसून सर्टिफिकेट घेऊन गेल्या होत्या एकदा. हसली होती सगळी.

हा शब्दांचा खेळ नाहीये, पैशाचा आहे. देशभर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेखाली विशेष शिक्षक वर्षानुवर्षं करारावर राबतायत, एकेक जण कितीतरी शाळा फिरतो, दुचाकीवर, पेट्रोल स्वतःचं. त्यांच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, कायमस्वरूपी. २०२५ च्या मार्चमध्ये कोर्टाला पुन्हा राज्यांना सांगावं लागलं की बाबांनो पदं किती ती जाहीर तरी करा. २०११ च्या जनगणनेत अपंग माणसं २ कोटी ६८ लाख निघाली होती, तीही फक्त नोंदलेली. त्यातली मुलं दहा-दहाने भागा आणि सांगा किती देवमाणसं लागतील. एवढे देव तेहतीस कोटींत पण रिकामे सापडायचे नाहीत. म्हणून म्हणतो, 'या कामाला पैसा नाही, भावना लागते' हे वाक्य बोलणारा माणूस कितीही गहिवरून बोलत असला तरी तो करारवाल्या पोराच्या पगाराची फाइल खाली सरकवत असतो.

आता त्या तरुणांकडे येतो, कारण त्यांना वाटत असेल मी त्यांच्या बाजूचा आहे. अर्धा आहे. सगळी मुलं एका शाळेत, हे बरोबरच, स्पेनमधल्या सालामांकाच्या परिषदेत १९९४ मध्ये जगाने ते मान्य केलंय, आपला कायदा तेच म्हणतो. स्पेशल शाळांत वर्षानुवर्षं मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करत बसलेली मुलं मीही बघितलीत, त्याला शिक्षण कोण म्हणेल? पण तुम्ही 'समावेशक' म्हणता तेव्हा पंचावन्न मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर, एका शिक्षिकेच्या भरवशावर बसलेलं मूल तुम्हाला दिसतं का? माझा भाऊ एक वर्ष असा बसला होता. हजेरीत होता, वर्गात होता, आणि वर्षभरात एक अक्षर पुढे गेला नाही, त्याचं नाव शाळेच्या 'सर्वांना सोबत घेतो' या यादीत मात्र होतं. त्याला वेगळं काढायला नको होतं, त्याच्याकडे ती वही घेऊन येणारं माणूस त्या वर्गात यायला हवं होतं. म्हणजे बाईंचं ज्ञान स्पेशल शाळेसोबत म्हातारं होत नाही रे, उलट आता ते प्रत्येक साध्या शाळेत लागणारे. तुम्ही बाईंना जुनं म्हणून बाजूला ठेवताय आणि तिकडचे काका त्यांना पवित्र म्हणून वर ठेवतायत, आणि वही? ती तशीच कपाटात.

शिवाय हे ज्ञान 'त्या' मुलांपुरतंच असतं हा समज पण घ्या तपासून. अलकापुरीत दर तिसऱ्या बंगल्यावर माँटेसरीची पाटी आहे, फी ऐकून बसायला खुर्ची लागते. त्या माँटेसरीबाई डॉक्टर, त्यांनी सुरुवात केली ती रोममध्ये ज्यांना शिकवणं अशक्य म्हणून टाकून दिलं होतं अशा मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलांपासून, आणि त्यांच्याही आधी फ्रान्समधल्या इतार आणि सेगँ या दोघांनी असल्याच मुलांबरोबर केलेल्या कामावरून. ती साधनं त्या मुलांना चालली म्हणून मग १९०७ मध्ये साध्या मुलांच्या बालगृहात आणली. तिथून ती भावनगरला बालशिक्षणवाल्या गिजुभाई बधेकांकडे आली, ताराबाई मोडकांनी मराठीत आणली, पुढे कोसबाडच्या अंगणवाडीत आदिवासी मुलांपर्यंत गेली. म्हणजे तुमच्या नातवाच्या प्ले-ग्रुपातली खरखरीत कागदाची अक्षरं ही विशेष शिक्षणाची देणगी आहे. दान नक्की कोण कुणाला देतंय?

एक बारीक गोष्ट राहिली. दिव्यांग शब्दावर मला विचारलं होतं एकाने, तुला तोही खटकत असेल. थोडा खटकतो, याच कारणाने, पण माझ्या भावाला तो शब्द आवडतो, सर्टिफिकेटवर लिहिलाय म्हणून, तेव्हा मी गप्प बसतो.

पुरस्काराला माझा विरोध नाही, द्या, शाल चांगली घ्या. मी ग्रुपवर फक्त एक प्रश्न टाकला. बाई निवृत्त झाल्या त्या जागेवर आज कोण आहे? मला माहीत होतं, कोणीच नाही, इतकी वर्षं झाली, कधी कुणी तासावर येऊन शिकवून जातं, कधी ते पण नाही. लिहिलं की पुरस्काराच्या पत्रिकेत पाहुण्यांच्या नावाखाली एक ओळ घालू, ही जागा अमुक वर्षांपासून रिकामी आहे, आणि सभेला जमलेल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन ती भरायची मागणी पाठवू, मसुदा मी करतो. सोबत भावाच्या वहीच्या पानाचा फोटो पण टाकला, 'स्व' वालं पान.

अकरा जणांनी हात जोडलेली इमोजी टाकली. मग कुणीतरी विचारलं, श्रीफळ किती सांगायची.